सातबाऱ्यातून वडिलांचं आयुष्य वाचताना

शेतकरी बापाने डायरी लिहिलेली नसते, पण तलाठी दप्तरात त्याची नोंद असते. चालू सातबाऱ्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) यांचे क्रमांक टिपून घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज करा. वारसनोंद, वाटणी, खरेदीखत यांचा मजकूर तिथे मिळतो. ‘इतर हक्क’ रकाना तर जरूर वाचा: सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्ज, कधी चढला, कधी उतरला, यावरून ते मुलीच्या लग्नासाठी होतं की विहिरीसाठी, हे घरातली जुनी माणसं सांगतात.

माग तुटतो तो बहुधा एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले तिथे. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून दोन्हींचा मेळ दाखवणारा ९(३)(४) उतारा मागा. क्षेत्र वाचतानाही घोळ होतो. जुन्या उताऱ्यातलं १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, नव्यातलं १.२० हेक्टर म्हणजे जवळपास ३ एकर.

नमुना १२ मधल्या (सातबाऱ्याच्या पीक नोंदीतल्या) पिकांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. बऱ्याच नोंदी बांधावर न जाताच झालेल्या असतात. म्हणून १९७२ च्या दुष्काळाचं पान आईला किंवा आत्याला वाचून दाखवा आणि खरं काय होतं ते विचारा. तसंच वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती बहुधा गुरुजींनी ठरवलेली.