आमची वाटचाल : सिंक खालून निवडायचं असतं

आमच्या कामाला खरं वळण मिळालं ते एका फोडलेल्या भिंतीमुळे.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघं आधी फक्त नळजोडणीची कामं करायचो. स्वयंपाकघराचं नूतनीकरण निघालं की सिंकही आम्हीच बसवून द्यायचो, पण ते गिऱ्हाइकानं आणलेलं असायचं. पुढे वाटलं, सिंक आपणच दाखवून, निवडून द्यावं. म्हणून छोटं दुकान घेतलं. पहिल्याच वर्षी एका घरात आम्ही जुनं 7 इंच खोल सिंक काढून 10 इंच खोल सिंक बसवलं, तेही ओट्याच्या दगडाखालून. दिसायला देखणं झालं. घरातल्या काकूंनी पाणी सोडलं आणि ते रेंगाळत उतरू लागलं. नीट जाईचना.

हिशेब साधा होता, आम्ही तो केलाच नव्हता. सांडपाण्याचा भिंतीतला पाईप ओट्याच्या पृष्ठभागापासून 14 इंच खाली होता. जुन्या सिंकचा तळ 7 इंचांवर, त्याखाली जाळी आणि कपलिंग (सिंकच्या भोकाला पाईप जोडणारा भाग) मिळून साधारण 3 इंच, मग ट्रॅपसाठी, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या पाईपच्या वळणासाठी, आणखी 2 इंच. म्हणजे 12 इंचांवर पाणी भिंतीकडे वळायचं आणि उतारानं निघून जायचं. नव्या सिंकचा तळ दगडाची जाडी धरून पावणेअकरा इंचांवर गेला. त्यात तेच 5 इंच मिळवले की पावणेसोळा. पाणी भिंतीतल्या पाईपच्या खाली अडकून बसलं. नव्या कोऱ्या टाइल फोडून पाईप खाली घ्यावा लागला. खर्च आम्ही सोसला, पण काकूंच्या चेहऱ्यावरची निराशा भरून देता आली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कुणी सिंक बघायला आलं, की आम्ही आधी त्यांच्या ओट्याखाली बघायला जातो. टॉर्च, टेप आणि वही. पाईप किती उंचीवर आहे, कपाटाची आतली रुंदी किती, कपाटाच्या बाजूच्या फळ्या कुठे येतात, अँगल कॉक (ओट्याखालचे पाणी बंद करायचे छोटे नळ) हाताला लागतात का. सिंक कपाटाच्या बाहेरच्या मापापेक्षा निदान 3 इंच अरुंद असावं, नाहीतर सिंक धरून ठेवणाऱ्या क्लिपा बसवायला हातच शिरत नाही. आणि कागदावर 24 बाय 18 लिहिलेलं माप बाहेरचं असतं. भांडं मावतं ते आतल्या मापात, आणि ते कडा वजा जाता दोनेक इंचांनी कमी भरतं. म्हणून आम्ही घरातलं सगळ्यात मोठं भांडं दुकानात घेऊन यायला सांगतो. लोकांना संकोच वाटतो, पण भांडं सिंकमध्ये आडवं ठेवून बघितलं की दोन छोट्या कप्प्यांचं सिंक घ्यायचं की एका मोठ्या कप्प्याचं, हा घरातला वाद तिथल्या तिथे मिटतो.

उंची-खोलीच्या अडचणीवर काही जण सोपी वाट काढतात. ट्रॅप काढून टाकतात आणि वळणाचा लवचीक पाईप सरळ भिंतीत खुपसतात. हे आम्ही कधीच करत नाही. ट्रॅपच्या वळणात थांबलेलं थोडंसं पाणी हाच गटारातल्या वायूला अडवणारा पडदा असतो. तो गेला की घरात वास येतो, आणि माणसं बिचारी सिंक घासत बसतात.

पत्र्याबद्दलही आम्ही चुकतमाकत शिकलो. सुरुवातीला सिंकवर बोटांनी टकटक करून जाड-पातळ ठरवायचो. आता जाडी मिलिमीटरमध्ये विचारतो, कारण गेजचा, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या मापाचा, आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, आणि हे उलटं गणित बऱ्याच जणांना चकवतं. 16 गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, 18 गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. रोजच्या वापराला 18 गेज भरपूर झालं. जाडीपेक्षा पोलादाची जात महत्त्वाची. 304 जातीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 201 किंवा 202 जातीत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ती स्वस्त पडते आणि गंजाला लवकर बळी पडते. लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात, आम्हीही सांगायचो. पण चुंबक 201 लाही चिकटत नाही, आणि अस्सल 304 च्या दाबून वळवलेल्या कोपऱ्याला मात्र किंचित ओढ जाणवू शकते. म्हणून आता आम्ही बिलावर जात लिहून देतो आणि आमच्याही पुरवठादाराकडून लिहून घेतो.

एकदा चांगल्या 304 सिंकवर महिनाभरात तांबूस ठिपके आले. पुरवठादाराशी आम्ही कडक भांडलो. नंतर त्या घरी जाऊन ओट्याखालचं कपाट उघडलं, तर टाइल धुऊन उरलेल्या ॲसिडची बाटली सैल बुचानं तिथेच ठेवलेली. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. त्या ॲसिडच्या नुसत्या वाफांनीही तो थर जागोजागी तुटतो. पुरवठादाराची आम्ही मनापासून माफी मागितली. आता टाइलची ॲसिडधुलाई आटोपून खोली मोकळी हवेशीर झाल्याशिवाय आम्ही सिंक खोक्यातून बाहेर काढत नाही. तारेच्या घासणीलाही आमची सक्त मनाई आहे. तिचे लोखंडी कण सिंकवर राहतात आणि गंजतात ते.

क्वार्ट्जच्या मिश्रणाची सिंकही ठेवतो. आवाज कमी, ओरखडे दिसत नाहीत. फक्त पाणी जड असेल तर गडद रंगावर पांढरे डाग उठून दिसतात, हे आधीच सांगतो. चिनी मातीची भक्कम सिंक सुंदर असतात, पण इतकी जड की कपाटाला वेगळा आधार द्यावा लागतो.

अगदी काटकोनी कोपऱ्यांची सिंक मात्र आम्ही विकणं बंद केलं. छायाचित्रात ती छान दिसतात, पण त्या कोपऱ्यात घासणी पोचत नाही. 10 मिलिमीटरची हलकी गोलाई असली की तेच सौंदर्य राहतं आणि बोट फिरतं.

दुकानात आम्ही उंची कमी-जास्त करता येणारा एक लाकडी ओटा करून घेतला आहे. त्यात सिंक ठेवतो आणि घरात जे कुणी भांडी घासतं, त्यालाच समोर उभं करतो. पैसे देणारा वेगळा असतो, कंबर वेगळ्याची दुखते. ताठ उभं राहून तळहात सिंकच्या तळाला टेकला पाहिजे. वाकावं लागलं तर 10 इंचांचा हट्ट सोडून 8 इंचांवर या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. यात आमची मोठी विक्री कधी कधी हातची जाते. जाऊ दे. रोज त्या तळाशी हात घालणाऱ्या माणसासाठीच हे दुकान आहे.

नवीन मुलगा कामाला लागला की पहिला महिनाभर त्याच्या हातात फक्त टॉर्च आणि वही असते. गेल्या महिन्यात त्या भिंत फोडलेल्या घरच्या काकूंचा फोन आला, कपलिंगचा रबर वॉशर झिजला होता. मी नव्या मुलाला घेऊन गेलो. ओट्याखाली वाकून त्यानं विचारलं, "दादा, इथल्या दोन टाइलचा रंग वेगळा का आहे?" मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो, त्याच्या वहीत 14 चा आकडा लिहिला आणि तिथूनच सांगायला सुरुवात केली.