बध्यब

सर्दीचा आठवा दिवस. घसा निवळला, अंगदुखी गेली. म्हणजे आता मी आजारी नाही, पण बरीही नाही. आजारी माणसाची निदान विचारपूस होते, मला सकाळपासून नुसतं "अजून?" ऐकू येतंय. त्या 'अजून'चा फार राग आलाय.

तसा राग सगळ्याचाच आलाय. रात्री कूस बदलली की खालची नाकपुडी बंद आणि वरची उघडी, पुन्हा बदलली की उलट. "नको" म्हणायला जावं तर "दको" बाहेर पडतं. न आणि म यांना नाकातून हवा लागते, ती माझ्याकडे नाही. भांडायलासुद्धा उच्चार धड हवेत की नाही!

दुपारी वाटलं, गाणं ऐकावं, मन रमेल. हेडफोन लावले, एक जुनं आवडतं सरोदवादन सुरू केलं. सगळं रजईखालून आल्यासारखं. तारेवरच्या आघाताची धारच गेलेली. नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी सर्दीत सुजते, आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि नीट थरथरत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी चिडले ती वादकावर. आवाज वाढवला तर डोकं ठणकायला लागलं. काढून फेकले हेडफोन. (गादीवर. तेवढी शुद्ध होती.)

मग एक शोध लागला. मी एरवी दिवसभर गुणगुणत असते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. आज ते जमेना, तेव्हा कळलं. ओठ मिटून गुणगुणायचं तर हवा जाणार नाकातूनच. नाक चोंदलं की सूर निघतो न निघतो तोच घशात बसतो. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं होतं, गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू साध्या उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होतो म्हणे. मोजला तो धडधाकट, मोकळ्या नाकाच्या लोकांवर. त्यांचं काय जातंय!

संध्याकाळी आई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणायला लागली. तीही माझीच चाल. आधी वाटलं, मुद्दाम करतेय. उठून दार लावणार, तोच मोठी जांभई आली आणि कानात 'टक' झालं. एकदम घड्याळाची टिकटिक, पंख्याची कुरकुर, आईचा आवाज, सगळं लख्ख! आठ दिवसांनी.

आणि लख्ख ऐकू आलं ते हे, की आईचा मध्यम, म्हणजे सा-रे-ग-म मधला म, उतरलाय. कान उघडला होता, नाक नव्हतं, हे विसरून मी ओरडले, "आई, बध्यब उतरतोय!"

"आधी तुझा म सुधार," बाहेरून उत्तर आलं, आणि ती पुन्हा गुणगुणायला लागली. त्याच उतरलेल्या मध्यमात.