ग्लायडरचा आराखडा, नोंद ३: चौकट जागेवर बसली

मागच्या नोंदीत ग्लायडरच्या डाव्या पंखाचा आराखडा लिब्रेकॅडमध्ये (आराखडे काढायच्या मोफत प्रोग्राममध्ये) पुरा झाल्याचं लिहिलं होतं. बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड, कापायला घेणार, तोच छपाईने तीन आठवडे अडवून धरलं. आज मात्र तिन्ही ए४ कागद बिल्डिंग बोर्डवर (ज्या फळीवर पंख जुळवायचा तिच्यावर) एका ओळीत चिकटलेत आणि पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत स्टीलची पट्टी बरोबर ६०० मिमी दाखवतेय. मला याचा खरंच खूप आनंद झालाय.

मांडणी अशी: पंख ६०० मिमी लांब, मुळाशी १६० रुंद, दर ५० मिमीवर एक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी फासळी. आडव्या ए४ वर तीन तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याभोवती २७७ × १९० ची चौकट, म्हणजे चारही बाजूंना १० मिमी समास. चौकटीच्या उभ्या रेषेवर कागद कापायचा आणि पुढच्या कागदाच्या रेषेला भिडवायचा. जोड दोन रिबांच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल असं आधीच बघितलं होतं. त्यामुळे चौकट चुकली की सगळंच चुकतं.

पहिल्या प्रिंटमध्ये चौकट २७७ ऐवजी २६६ भरली. डावीउजवीकडे साडेपंधरा, वरखाली पावणेचौदा मिमी समास. समोरासमोरचे समास सारखे, पण सगळेच फुगलेले. म्हणजे चित्र मध्यावर राहून आक्रसलं होतं. माझा प्रिंटर कडेच्या ४.२ मिमी पट्ट्यात छापू शकत नाही. पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामने 'फिट' लावून अख्खं पान उरलेल्या जागेत कोंबलं. २१० मधून दोन्हीकडचे मिळून ८.४ गेले, उरले २०१.६. हा भागाकार ०.९६ येतो आणि २७७ चे ९६ टक्के म्हणजे २६६. आकडा जुळला तेव्हा दोष कुठे आहे याची खात्री पटली.

चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या काठीसाठी, रिबमध्ये ठेवलेली ५ मिमीची खाच ४.८ होते आणि विकत आणलेली काठी ५ चीच राहते. सगळा पंख सारख्या प्रमाणात लहान झाला तर बिघडलं कुठे, असं मला एका मित्राने विचारलं होतं. उत्तर या खाचेत आहे. 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडा, आणि कागद ए४ आहे हे कॅडमध्ये आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे तपासा. लेटर कागद २१५.९ × २७९.४ असतो, ए४ पेक्षा सुमारे ६ मिमी रुंद आणि जवळजवळ १८ मिमी आखूड. त्यावर राहिलेली सेटिंग पटकन लक्षात येत नाही.

पुढच्या वेळी पीडीएफ न करता थेट प्रिंट दिली. माप बरोबर २७७, पण डावा समास १४.२ आणि उजवा ५.८. हा दोष आकाराचा नव्हता, सरकण्याचा होता, आणि सरकण्याचं अंतर प्रिंटरच्या त्याच ४.२ मिमी पट्ट्याइतकं! मी मोजणीचा शून्य धरला होता कागदाच्या कोपऱ्यात, छपाईत तो मोजला गेला छापता येणाऱ्या भागाच्या कोपऱ्यातून. तेव्हापासून पीडीएफमार्गेच छापतोय.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चित्र कागदाच्या मध्यावर आणण्याच्या बटणाने. तिसरा तुकडा दर वेळी ३ मिमी डावीकडे जायचा. कॅडमध्ये जादा रेषा ट्रिम करताना, म्हणजे छाटताना, चौकटीच्या उजव्या रेषेबाहेर ६ मिमीवर रेषेचा केसाएवढा तुकडा राहून गेला होता. मध्य काढताना तोही हिशेबात धरला जातो, म्हणून सगळं चित्र निम्म्याने सरकत होतं. सगळं सिलेक्ट केल्यावर तो दिसला. इथे आणखी एक सांगतो. आयएसओ ५४५७ या आराखड्याच्या कागदांच्या मानकाप्रमाणे तयार चौकट घेतलीत तर तिचा डावा समास मुळातच २० मिमी असतो, फाइलला लावण्यासाठी. बाकी तिन्हीकडे १०. तो दोष समजू नका. त्यावर मध्य साधायचं बटण दाबलंत तर १५-१५ होतं, दिसतं नीटनेटकं, पण चौकट ५ मिमी हललेली असते.

कागद तिरका गेलाय का, हे बघायला गवंड्याची युक्ती वापरली. खोली गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे का हे तो कर्ण मोजून ठरवतो. या चौकटीचे दोन्ही कर्ण ३३५.९ यायला हवेत. कर्ण सारखे आणि समास तिरके असतील तर ट्रेची पट्टी कागदाला घट्ट टेकवा, काम होतं. कर्णच वेगळे आले तर आकृतीच कलली आहे, दोष यंत्राच्या ओढण्यात. माझ्याकडे पहिला प्रकार निघाला.

शेवटचा अडथळा पावसाचा. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागद सुकून किंचित आखडतो, मग दमट हवेत ओल धरून फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. छापून दोन दिवस टेबलावर ठेवलेली चौकट २७७.८ भरली. काल रिमचं नवं पाकीट फोडलं, आधी नुसत्या चौकटी छापून मोजल्या, मग आराखडा छापून तासाभरात चिकटवला आणि वर बटर पेपर ताणून टाचण्या मारल्या. जोडांवर रेषेचा खंड दिसत नाही.

रविवारी मुळाकडच्या चार रिब कापतोय. उजव्या पंखासाठी आराखडा आरशासारखा उलटवलाय, त्याच्या चौकटी आज रात्री छापून मोजेन.