फ्रीजर आला, फॉर्म अडला

उणे ८० अंशांचा फ्रीजर आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. नंतर सात महिने तो रिकामाच घरघरत राहिला.

आमच्या रुग्णालयात कॅन्सरची ऑपरेशनं रोजची. काढलेल्या गाठीतून निदानाला लागेल तेवढं पॅथॉलॉजीने घेतलं की उरलेला तुकडा, थोडं रक्त आणि रुग्णाची माहिती पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवायची, ही आमची बायोबँक. जागा, जनरेटर, द्रव नायट्रोजनची टाकी, सगळं आपोआप झाल्यासारखं झालं. गाडी अडली ती संमतीपत्रावर.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत बायोबँकेवर वेगळं प्रकरण आहे. ते समोर ठेवून लिहिलेला इंग्रजी मसुदा एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का ते पाहणाऱ्या समितीने, पहिल्याच बैठकीत मान्य केला. म्हणाले, आता मराठी-हिंदी प्रती आणा, आणि दुसऱ्याच कुणाकडून त्यांचं परत इंग्रजी करून आणा, म्हणजे अर्थ कुठे निसटला ते दिसेल. मराठी बाहेरून करून घेतलं. त्यात टिश्यूचं 'उती' झालं, नाव काढलेल्या माहितीचं 'अनामिकीकृत विदा'. परत इंग्रजी करणाऱ्या बाईंचा फोन आला, "अहो, अनामिका म्हणजे करंगळीशेजारचं बोट ना?"

बैठक महिन्यातून एकदा, कागद पंधरा दिवस आधी. म्हणजे एक शंका निघाली की एक महिना गेलाच. पहिली शंका: तिसऱ्या पानाच्या तळाशी आवृत्ती १.१ आणि बाकी पानांवर १.२. महिना गेला. दुसरी: हिंदी प्रतीवरची तारीख मराठीशी जुळत नाही. आणखी एक महिना. (तुम्हीही बायोबँक उभारत असाल तर प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख स्वतः तपासा. टायपिस्टवर सोडू नका.) मग कमिटीतल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "उती मलाच कळत नाही, ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या बाईला काय कळणार?" बरोबरच होतं त्यांचं. पण बाई, हे पहिल्या महिन्यात नसतं का सांगता आलं?

चिडून मी तो मसुदा बाजूला ठेवला आणि आठवडाभर ओपीडीत बसून लोकांना तोंडीच समजावून सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "जी गाठ जिवावर उठली, ती तुम्ही जपून ठेवणार?" त्यांना जे उत्तर दिलं तेच फॉर्मची पहिली दोन वाक्यं झालं. 'निनावी' हा शब्दही काढला, कारण तो खोटा होता. आम्ही नावाच्या जागी नंबर टाकतो आणि नाव-नंबरची यादी कुलपात ठेवतो. ती यादी नसेल तर उद्या कुणी "माझा नमुना काढून टाका" म्हटलं तर कुठला काढणार? आणि पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे, हे तरी कुठून कळणार?

राहिलंच. संमती ऑपरेशनच्या सकाळी घेऊ नका, भुकेला, घाबरलेला माणूस कशावरही सही करतो. गाठ बाहेर आल्याची वेळ आणि ती गोठवल्याची वेळ, दोन्ही लिहा. तुकडा बाहेर पडून राहिला की त्यातला आरएनए (पेशींमधला नाजूक रेणू) खराब होतो, आम्ही अर्ध्या तासाच्या आत गोठवतो. त्यासाठी ऑपरेशन थिएटरमधल्या मामांशी आधी ओळख करून घ्या, गाठीचा डबा तेच आणतात. साधी चिकटवायची लेबलं नायट्रोजनमध्ये गळून पडतात, तिथे पैसे वाचवू नका.

मंजुरीचं पत्र सातव्या महिन्यात आलं. पहिल्या रुग्ण एक आजी. फॉर्म पुढे केला तर म्हणाल्या, "मला वाचता येत नाही रे बाळा, तूच सांग." सांगितलं. अंगठा द्यायला त्या तयार, पण त्याला आमच्याशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आणि संध्याकाळी सात वाजता वॉर्डात सगळे आमचेच. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा जावई चहा टाकून उठून आला. त्याने मात्र सही करण्याआधी चारही पानं वाचली.