जुन्या रशियन व्हॉल्व्हला जाग आणताना: माझा अनुभव

आपल्याकडच्या जुन्या हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींप्रमाणे माझाही हात 807 या व्हॉल्व्हवर, म्हणजे ट्रान्समीटरमधल्या निर्वात नळीवर, बसलेला होता. चांगले 807 मिळेनासे झाले तेव्हा मी सोव्हिएत बनावटीच्या जीआय-7बी या ट्रायोडकडे (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट अशी तीन विद्युतअग्रे असलेल्या व्हॉल्व्हकडे) वळलो. रशियन पद्धतीत व्हॉल्व्हच्या नावातच त्याची कुंडली असते: ‘जीआय’ म्हणजे स्पंदांसाठी घडवलेला जनरेटर व्हॉल्व्ह आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे हवेच्या झोताने थंड करावयाचा. क्षणभर कित्येक हजार व्होल्ट सोसण्यासाठी जन्मलेल्या या व्हॉल्व्हला लिनिअरमधले (रेडिओ सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरमधले) 2000 व्होल्ट जड जात नाहीत. प्लेटवर 350 वॉटपर्यंत उष्णता सहन करणारा हा एकच व्हॉल्व्ह परवान्याच्या मर्यादेत राहून मला हवी तेवढी शक्ती देणार होता.

डबा उघडला तेव्हा आत ओटीके, म्हणजे कारखान्यातील तपासणी विभागाचा शिक्का असलेला पिवळसर कागद होता आणि त्यावर 1984 हे साल होते. चकचकीत चिनीमाती आणि कोरे धातूचे पंख पाहून मला तो नवाच वाटला. मात्र न वापरलेला व्हॉल्व्ह आणि ताजा व्हॉल्व्ह यांतला फरक मी त्या दिवशी विसरलो.

फिलामेंट तीन मिनिटे तापवून मी थेट 2000 व्होल्ट दिले. आतून फट्ट असा आवाज झाला, मीटरचा काटा टोकाला आपटला आणि फ्यूज गेला. बायससाठी, म्हणजे व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह ठरवण्यासाठी, लावलेला झेनर डायोडही कायमचा शॉर्ट झालेला आढळला.

कारण नंतर नीट समजले. वर्षानुवर्षे पडून असलेल्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या व चिनीमातीच्या पृष्ठभागातून अत्यल्प वायू सुटत राहतो. निर्वात पोकळीत तो एवढासा असला, तरी उच्च विद्युतदाब मिळताच त्याचे आयनीकरण होते आणि प्लेटपासून ग्रिडपर्यंत ठिणगीला वाट मिळते. हा वायू शोषून घेणारे द्रव्य आतच असते, पण ते तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून व्हॉल्व्हला घाई करून चालत नाही.

दुसरा व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी मी उच्च विद्युतदाबाच्या तारेत 25 ओमचा वायरवाउंड रोध कायमचा बसवला, जेणेकरून पुन्हा ठिणगी पडलीच तर कंडेन्सरमधील साठा एकदम व्हॉल्व्हवर कोसळणार नाही. (हा रोध पहिल्या दिवसापासून असायला हवा होता, हे मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सांगतो.) मग ब्लोअर हळू चालवून फक्त फिलामेंटला 12.6 व्होल्ट दिले आणि व्हॉल्व्ह पूर्ण दिवस तसाच तापत ठेवला. या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंटचे एक टोक आतच कॅथोडला जोडलेले असते, त्यामुळे कॅथोडला दिलेला सिग्नल फिलामेंटच्या पुरवठ्यातून निसटू नये म्हणून लिनिअरमध्ये फेराइटवर दोन तारा एकत्र गुंडाळलेला चोक लागतो.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारे साधन) जोडून, तात्पुरता 47 किलोओमचा रोध मालिकेत ठेवून, 500 व्होल्टपासून सुरुवात केली. कॅथोडच्या वाटेत 10 किलोओम असल्याने व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होता, म्हणजे प्लेटचा प्रवाह अगदी थोडा आणि मुख्य म्हणजे स्थिर दिसायला हवा. प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबून मी 250 व्होल्टनी वर जात होतो. 1500 पर्यंत काटा हलला नाही. 1750 वर मात्र तो दोनदा झटका घेऊन मागे आला; तेव्हा मी पुन्हा 1250 वर उतरलो आणि तासभर तिथेच थांबलो. पुढच्या फेरीत तो शांत राहिला. प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी पुरवठा तोडणे, कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करणे आणि मग अर्थिंगची काठी लावून ठेवणे, एवढा वेळ मी कधीही वाचवला नाही.

तिसऱ्या दिवशी, तात्पुरता रोध काढून, 40 मीटर बँडवर रिगमधून (माझ्या ट्रान्समीटरमधून) सुमारे 40 वॉट दिले आणि डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रोधावर, 300 वॉट उतरले. पंखांमधून येणारी हवा गरम, पण हात धरता येईल इतपतच होती.

माझ्याकडे आणखी दोन जीआय-7बी शिल्लक आहेत. दर दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना एक दिवस फिलामेंटवर तापवतो आणि डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवतो.