गोळी जाळीच्या कप्प्यात सापडली

आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर, भातं पिकायला लागली की वनखात्याचे फोन वाढतात. मी सरकारी पशुवैद्यक. रोजचं काम म्हणजे म्हशींचं कृत्रिम रेतन, लसीकरण, अडलेल्या गाई आणि ऑनलाइन भरायचे रिपोर्ट, आणि मधेच कधीतरी जंगलातलं मेलेलं जनावर. त्या दिवशी वनरक्षकाचा फोन आला तो निकाल देऊनच, "डॉक्टरसाहेब, कोळसुंद्यांनी सांबर मारलंय, पीएम करून रिपोर्ट द्या, जाळून टाकतो."

पीएम म्हणजे शवविच्छेदन. गेलो. ओढ्याच्या काठाला मोठा नर पडलेला, शिंगं जागेवर, मागचं धड बरंचसं खाल्लेलं. कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, मागूनच खायला सुरुवात करतात त्यामुळे वनरक्षकाचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पण जिवंत जनावराला चावलं की दाताच्या जखमेभोवती मांसात रक्त साकळतं, इथं फाटलेल्या कडा कोरड्या आणि फिकट होत्या. म्हणजे कुत्री आली ती सांबर मेल्यावर. बरोबरचा वयस्कर वनमजूर इतका वेळ गप्प होता, तो वाकून डाव्या कुशीवरचे केस बाजूला करत म्हणाला, "हितं बघा." केसांत लपलेलं बोट जाईल एवढं भोक, मागून दुसऱ्या बरगडीवर. या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही, आणि माझ्या मते आख्ख्या रेंजमध्ये त्याच्याइतकी नजर कुणाची नाही.

भोकाभोवती दारूचा जाळ नाही, काजळी नाही, म्हणजे बंदूक अगदी जवळून लावलेली नव्हती. बरगडी मोडलेली. बाहेर पडल्याचं भोक मात्र कुठंच नाही.

इथं ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण शहरातल्या लोकांना बंदूक म्हणजे पिक्चरमधली रायफल वाटते. ठासणीत नळीच्या तोंडातून दारू ओततात, वर चिंधी नाहीतर काथ्या, मग घरी ओतलेली शिशाची गोळी, सगळं गजानं ठासायचं आणि मागं दारू पेटवणारी टोपी लावायची. दारू काळी, सोरा कोळसा गंधकाची. आमच्याकडच्या या बंदुकांच्या नळीला आतून आटे नसतात, त्यामुळे गोळी फिरत जात नाही, पन्नास पावलांच्या पुढं कुठं जाईल याचा भरवसा नाही. वेग रायफलच्या गोळीच्या निम्म्याहून कमी. रायफलची वेगवान गोळी लागली की आजूबाजूचं मांसही क्षणभर फाकतं आणि फाटतं, ही गोळी मात्र स्वतःच्या जाडीएवढीच वाट काढत जाते. म्हणून ती कुठं लागते यावरच सगळं अवलंबून. पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालच्या भागात लागली, दोन्ही फुप्फुसं भेदली, तर सांबरासारखं दांडगं जनावरसुद्धा थोडं अंतर पळून कोसळतं, आणि गोळी बहुतेक वेळा पलीकडच्या कातडीखाली अडकलेली हाताला लागते, कारण कातडी ताणली जाते पण फाटत नाही. तीच गोळी दीड वीत मागं सरकली की पोटात जाते, आणि पोटात गेली की तासन्‌तास.

पलीकडच्या बाजूनं तळहात दाबत दाबत फिरवला, काही लागलं नाही. पंचांपैकी एकजण म्हणाला आरपार गेली असेल, वनपालानं तसं लिहायलाही घेतलं, मी थांबवलं. भोक नाही तर आरपार कशी गेली? एक्स-रे मशीन आमच्या तालुक्यात जनावरांसाठी नाही, मेटल डिटेक्टर मागितला तर तो बंदोबस्ताला गेलेला. शिसं लोहचुंबकाला चिकटत नाही त्यामुळे तोही उपाय नाही.

पोट उघडलं. आतडी आणि पडद्यावर पिवळसर चिकट थर, फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, आणि चोथ्याचं हिरवं पाणी सगळीकडे. हा थर मेल्यावर तयार होत नाही आणि चार-दोन मिनिटांतही होत नाही, जनावर बरेच तास जिवंत असावं लागतं. रुमेनच्या, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्याच्या, डाव्या भिंतीला गोळीचं भोक होतं, उजव्या भिंतीला नव्हतं. ओल्या चोथ्यानं गच्च भरलेला कप्पा म्हणजे अशा मंद गोळीला भिंतच. म्हणजे गोळी आतच होती, घमेली भरतील एवढ्या चोथ्यात. जवळच्या घरातून तांदळाची चाळण आणली आणि ओढ्याच्या पाण्यात थोडं थोडं धुवायला बसलो. वास काय असतो ते लिहीत नाही.

धुता धुता डोक्यात आलं की आपण गाईंच्या पोटातली तार काढतो ती कुठून काढतो? जड वस्तू रुमेनच्या हालचालीनं सरकत सरकत पुढच्या जाळीच्या कप्प्यात, रेटिक्युलममध्ये जाऊन बसते. तो कप्पा कापला, बोटांनी चाचपला, आणि जाळीच्या घरांत ती बसलेली, चपटी, कडेला फाटलेल्या बटणासारखी. चिमटा लावला नाही, शिशावर लगेच ओरखडा येतो, बोटांनीच उचलली. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला, आणि तो गोळी मिळाल्याचा तर होताच पण ती जिथं मिळाली त्या जागेचा जास्त होता. गोळीच्या सरळ वाटेवर ती जागा नव्हती. माझं मत असं की गोळी आत गेल्यावरही पोट हलत राहिलं, म्हणून ती तिथं पोचली. फायब्रिन जे सांगत होतं तेच या गोष्टीनं वेगळ्या बाजूनं सांगितलं: हे सांबर गोळी लागल्यावर खूप वेळ जगलं.

पंचांसमोर सोनाराच्या काट्यावर वजन केलं, 11.6 ग्रॅम. चपट्या गोळीचा व्यास मोजून उपयोग नसतो पण शिसं फारसं झडलेलं नसेल तर वजनावरून हिशेब करता येतो. शिशाची घनता 11.34, त्यावरून मूळ गोळी साधारण साडेबारा मिलीमीटरची. आटे नसल्यामुळे ती कुठल्या नळीतून सुटली हे गोळीवरच्या खुणांवरून सिद्ध करणं जवळपास अशक्य, निदान कुठल्या मापाच्या नळीत बसेल एवढं तरी सांगता येतं. कापसात गुंडाळून डबीत, सील, सह्या.

आणि चाळणीत दुसरी एक गोष्ट आली होती. अर्धवट चावलेल्या भाताच्या लोंब्या.

ते मी रिपोर्टात लिहिलं. वनखात्याच्या साहेबांना ते वाक्य नको होतं, "डॉक्टर, हे लिहायलाच पाहिजे का, उद्या गोळी घालणाऱ्याचा वकील म्हणेल पीक वाचवायला मारलं." साहेब प्रामाणिक आहेत, पण आपल्याकडे पीएम रिपोर्ट म्हणजे केस मजबूत करायचा कागद असं सगळेच धरून चालतात आणि ते मला अजिबात पटत नाही. पोटात जे होतं ते कागदावर येणार. ज्याची बंदूक नंतर जप्त झाली त्या शेतकऱ्याकडे शेतसंरक्षणाचा परवाना होता, आणि तो पहिल्यापासून म्हणत होता की सांबर भातात घुसलेलं, मी हाकलायला बार काढला. लोंब्या निदान पहिल्या अर्ध्या भागाला दुजोरा देतात. एका रात्रीत वर्षाचं भात तुडवलं जातं आणि भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात, हे मी गावोगाव फिरून बघतो, त्याच्याबद्दल मनात राग धरणं मला जमत नाही.

पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला सोडत नाही. परवाना बंदूक बाळगायचा असतो, सांबर मारायचा नसतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. हाकलायला इथले लोक नुसती दारू ठासून बार काढतात, आवाजानं जनावर पळतं, माझ्या लहानपणापासून ऐकतोय. गोळी ठासायची असेल तर ती आधी वितळवून ओतलेली असावी लागते, मग मुद्दाम घालावी लागते. तीही छर्रे नाहीत, एकच मोठी. का घातली? डुकराच्या भीतीनं कायम भरूनच ठेवलेली असते असं काहीजण म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. गोळीची वाट किंचित मागून पुढं जाणारी होती, म्हणजे सांबर बहुतेक वळलेलं, निघालेलं होतं. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकतात, अंग दिसत नाही, आणि जनावर वळलं की डोळेही दिसत नाहीत, मग नेम कशावर धरायचा? अंधारातल्या काळ्या ठिपक्यावर. नेम म्हणायचाच कशाला त्याला.

शिंगं जागेवर राहिली याचा अर्थ गोळी घालणाऱ्याला ते सापडलंच नाही, कदाचित लागलं हेसुद्धा कळलं नसेल, कारण असं पोटात लागलेलं जनावर रक्तसुद्धा फार सांडत नाही, चोथा भोक बुजवतो. अशी किती जनावरं आत जाऊन मरत असतील आणि कोळसुंद्यांच्या नावावर जमा होत असतील, हा विचार मला केसपेक्षा जास्त छळतो. केस कोर्टात आहे, साक्षीला बोलावतील तेव्हा लोंब्या आणि गोळी दोन्ही सांगणार. या भागात काम करणाऱ्या सगळ्या पशुवैद्यक मित्रांना एवढंच सांगणं आहे, बाहेर पडल्याचं भोक दाखवता येत नसेल तर आरपार लिहू नका, आणि पोटात लागलेली असेल तर चोथा धुण्याआधी जाळीचा कप्पा उघडा.