मालगाडी बघायची तर जंक्शन सोडा

भुसावळला जायचं, पादचारी पुलावर उभं राहायचं आणि मालगाड्या मोजायच्या, हा सल्ला कुणीही देतं. सल्ला चुकीचा नाही. यार्ड मोठं आहे, विजेच्या इंजिनांची शेडही तिथंच आहे. पण भुसावळात मालगाडी दिसते ती तुकड्यातुकड्यांनी: उभ्या गाडीच्या आडून चार वाघिणी (मालाचे डबे), खांबांच्या गर्दीतून इंजिनाचा माथा. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत अख्खी रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची पूर्ण माळ, बघायची असेल तर भादली, माहेजी, निंभोरा अशी लहान स्टेशनं गाठावीत. बहुतेक एक्स्प्रेस तिथं थांबत नाहीत, आणि त्यांना वाट द्यायला मालगाडी तिथंच बाजूला काढतात.

बाजूला काढतात म्हणजे लूपमध्ये घेतात. जागा शोधण्याची सुरुवात या लूपपासूनच करावी. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि रुळांवरून बोट फिरवत चला. दोन रुळमार्गांचे तीन-चार होतात आणि पाऊण किलोमीटरभर पुढे पुन्हा दोन होतात, तो लूप. ५८ बॉक्सएन (उघड्या) वाघिणींची कोळशाची रेक इंजिन धरून साडेसहाशे मीटरच्या आसपास भरते, म्हणून लूपही तेवढा लांब लागतो. आता लूपची दोन्ही टोकं, म्हणजे गाडी रूळ बदलते ते सांधे, नकाशावर खूण करून ठेवा आणि त्या टोकांजवळून रेल्वेच्या हद्दीबाहेरचा कोणता रस्ता जातो ते बघा. शिवाररस्ता असेल, कॅनॉलचा रस्ता असेल, नाहीतर फाटकाकडे जाणारी गाडीवाट. स्टेशनाच्या मध्यापेक्षा ही टोकं केव्हाही सरस. गाडी तिथं वळण घेऊन आत शिरते, म्हणून पूर्ण लांबी तिरकी दिसते. वेगही कमी असतो. सांध्याच्या प्रकाराप्रमाणे ताशी १५ किंवा ३० किलोमीटरची मर्यादा असते. १५च्या वेगाने साडेसहाशे मीटरची गाडी डोळ्यासमोरून जायला अडीच मिनिटांहून जास्त लागतात, तीच ६०ने गेली तर चाळीस सेकंदांत संपते.

गाडी लूपमध्ये येणार की थेट जाणार, हे होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल, आधीच सांगतो. सिग्नलच्या डोक्यावर तिरक्या रांगेत पाच पांढरे दिवे असतात. पिवळ्या दिव्यासोबत ते लागले तर गाडी लूपमध्ये वळणार. नुसता हिरवा असला तर थेट मेन लाइनने धडधडत जाणार, तेव्हा कॅमेरा तयार ठेवा.

मालगाडीचं वेळापत्रक प्रवाशांच्या कुठल्याच ॲपवर मिळत नाही. एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठं आहे ते सांगणाऱ्या रेल्वेच्या सेवेवर, फक्त प्रवासी गाड्या दिसतात, पण तेवढ्यावरही काम भागतं. त्या स्टेशनावरून पुढच्या चार तासांत जाणाऱ्या एक्स्प्रेस एका कागदावर दिशेप्रमाणे दोन रांगांत लिहा. एकाच दिशेच्या दोन गाड्यांत चाळीस-पन्नास मिनिटांची फट दिसली की त्या फटीत मालगाडी सुटणार असं धरावं. एकापाठोपाठ तीन-चार एक्स्प्रेस असतील तर त्या निघून जाईपर्यंत मालगाडी लूपमध्ये उभी राहील आणि शेवटची गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हलेल. ही दहा-पंधरा मिनिटं उगाच नाहीत. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी सोडायची पद्धत जिथं आहे, तिथं पुढची एक्स्प्रेस पुढच्या स्टेशनाला पोचल्याशिवाय मागच्या गाडीला स्टार्टर, म्हणजे निघायचा सिग्नल, मिळत नाही. अंदाज सगळ्यात जास्त फसतो तो ब्लॉकच्या, म्हणजे कामासाठी मार्ग काही वेळ बंद ठेवण्याच्या, दिवशी. ब्लॉक असताना तास-दोन तास काहीच फिरकत नाही आणि सुटल्यावर मालगाड्यांची रांग लागते. म्हणून ब्लॉकची बातमी आली की तो सुटण्याच्या वेळेला पोचावं.

कुठल्या मार्गावर काय दिसेल, हेही खान्देशात ठरलेलं आहे. भुसावळ-नागपूर बाजूला कोळसा. दीपनगरच्या वीज केंद्रामुळे भरलेल्या उघड्या वाघिणी येतात आणि रिकाम्या परततात. जळगाव-उधना मार्गावर, म्हणजे पाळधी, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशा रांगेत, गुजरातकडे जाणारा कोळसा भेटतो. हा मार्ग आता दुहेरी आहे, त्यामुळे पूर्वीसारखी समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगची लांबलचक वाट बघावी लागत नाही. (बघणाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसानच.) मनमाडकडून भुसावळकडे पानेवाडी डेपोच्या तेलाच्या टाक्या येतात. सावदा-रावेर पट्टा केळीचा, तिथून माल दिल्लीकडे जातो. केळी भरताना मालधक्क्याजवळ ट्रकांची इतकी दाटी होते की मधे उभं राहण्यात अर्थ नाही.

चाळीसगावच्या पश्चिमेला मजा वेगळी. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, मनमाड सुमारे ५८० मीटरवर. म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या अप गाडीला चढच चढ. त्यातला बराचसा चाळीसगाव ओलांडल्यावर येतो. साडेतीन-चार हजार टनांचा लोड घेऊन इंजिन चढावर ओढत असतं तेव्हा त्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो. उलट दिशेची गाडी त्याच जागेवरून जवळजवळ मुकाट्याने उतरते. हिरापूर, नायडोंगरीच्या बाजूला रुळाच्या कडेने जाणारे गावरस्ते नकाशावर बघून ठेवा.

उड्डाणपूल चांगले, पण पुलाचा मधला भाग नव्हे. तारांच्या बरोबर वर जाळी किंवा उंच भिंत असते. ती तिथंच हवी, खाली २५,००० व्होल्ट वाहत असतात. जाळी संपते त्या चढाच्या भागावरून, पायवाट असेल तर, तिरका नजारा मिळतो. पुलावरून सेल्फीची काठी बाहेर काढू नये. तारेला हात न लावताही झटका बसतो, निदान दोन मीटर अंतर सुटलंच पाहिजे.

उजेडाचा हिशेब इथं जरा चमत्कारिक आहे. जळगाव-अमळनेर मार्ग जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, म्हणून रुळाच्या दक्षिणेला उभं राहिलं की गाडीच्या अंगावर ऊन पडतं. पण खान्देश २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य उत्तरेकडूनच फिरतो, तेव्हा बाजू बदलावी लागते. थंडीतली जागा लक्षात ठेवून मेमध्ये तिथंच गेलात तर फोटोत गाडी काळी येते आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याला. तसंही मेमध्ये सकाळी नऊनंतर कोणत्याच बाजूला उभं राहवत नाही.

गाडी लूपमध्ये उभी राहिली की वाघिणीवरचा ११ आकडी नंबर वाचावा. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा आणि सहावा बांधणीच्या वर्षाचा, नंतरचे चार त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळ्याचा. एकाच रेकमध्ये वीस-वीस वर्षांच्या अंतराच्या वाघिणी शेजारी-शेजारी निघतात. इंजिनावर शेडचं नाव लिहिलेलं असतं आणि नंबर ६०ने सुरू झाला तर ते बारा हजार अश्वशक्तीचं जोड इंजिन. हे सगळं दुर्बिणीने आरामात वाचता येतं, त्यासाठी रुळापाशी जायचं काहीच कारण नाही.

रुळात शिरणं रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्लॅटफॉर्मवर बसायचं तर दहा रुपयांचं तिकीट घ्या, ते दोन तास चालतं. उभ्या मालगाडीखालून पलीकडे जाणारे लोक प्रत्येक लहान स्टेशनात दिसतात. त्यांच्या मागून जाऊ नका. ब्रेक सुटल्याची फुसफुस इंजिनाजवळच्याला ऐकू येते, चाळिसाव्या वाघिणीपाशी काहीच कळत नाही. कपलिंगमधली ढिलाई पुढून मागे एकेक करत ताणली जाते आणि मधली वाघीण एकदम झटका देऊनच हलते.

फाटकावर धोका दुसराच असतो. पोरं ‘मालगाडी उनी रे’ म्हणून ओरडतात, सगळे तिच्याकडे बघतात, आणि तिच्या आडून दुसऱ्या रुळावर एक्स्प्रेस येते. सलग जोडलेल्या रुळांवर पूर्वीची खडखड राहिलेली नाही, विजेचं इंजिनही लांबून ऐकू येत नाही. गार्डचा डबा गेला तरी फाटक उघडलं नसेल तर जागेवरच थांबा, अजून एक गाडी यायची आहे.